पंखेवाल्यांचा कान

बोटींच्या यार्डात त्यांना सगळे पंखेवाले म्हणत. बोटीच्या बुडाशी, पाण्याखाली जो पितळी पंखा फिरतो, तो शाफ्टवरून, म्हणजे इंजिनाने फिरणाऱ्या दांड्यावरून, उतरवायचा, तपासायचा आणि घासूनपुसून पुन्हा चढवायचा, हे त्यांचं काम. एकतीस वर्षं तेच. गल्लीत नवीन राहायला आलेल्यांना ही भानगड ठाऊक नसायची. कोणीतरी सांगायचं, तिसऱ्या घरात पंखेवाले राहतात, आणि उन्हाळा लागला की ही मंडळी छताचा पंखा काखोटीला मारून दारात हजर. पंखेवाल्यांनी कधी कोणाला परत पाठवलं नाही. जिन्याखाली बसून बेअरिंगमध्ये तेल सोडायचं, वाकलेलं पातं सरळ करायचं आणि पंखा ज्याचा त्याला देऊन टाकायचा.

"अहो, दारावर पाटी तरी लावा," बायको म्हणायची. "बोटीचे पंखे, घरचे नव्हेत."

"आणि मग घरचे कोण करणार?" ते विचारायचे.

बुटके, रुंद खांद्यांचे, बोलायला अगदी मोजके. पान्यांचा डबा उघडला की कुठला पाना कुठे, हे डोळे मिटून सांगतील. पण यार्डात त्यांचं नाव होतं ते हातासाठी नव्हे, कानासाठी. उतरवलेला पंखा ते दोरीने तुळईला टांगत, लहानशा लाकडी हातोडीने एकेका पात्यावर टिचकीसारखा ठोका मारत आणि मान तिरकी करून ऐकत. चांगलं पातं देवळातल्या घंटेसारखं नाही, पण काचेच्या पेल्यासारखं तरी वाजतं, आणि तो आवाज हळूहळू विरत जातो. आजारी पातं नुसतं 'थड' म्हणतं आणि गप्प बसतं. खारं पाणी पितळेतलं जस्त खाऊन टाकतं. वरून आकार तसाच, चकाकीही जवळपास तशीच, पण आतून धातू शिळ्या बिस्किटासारखा भुसभुशीत झालेला असतो. पुढे रंग गुलाबी पडायला लागतो तेव्हा तो कोणालाही दिसतो. पंखेवाल्यांना त्याच्या वर्षभर आधी ऐकू यायचं. म्हणून ते "खणखणीत आहे" म्हणाले की बोटीचा मालक पुढे एक शब्द विचारत नसे.

हा कान जायला लागला तो एका दिवसात नाही. आधी किटलीची शिट्टी गेली. मग फोनची घंटा. मग शेजारच्या खोलीतून बायकोने मारलेल्या हाका. तीस वर्षं ग्राइंडरशेजारी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार होतं? पण पंखेवाल्यांनी ते स्वतःशीही कबूल केलं नाही. यार्डात ते माणसाच्या तोंडासमोर उभे राहायला लागले, ओठ बघायला लागले. कळलं नाही की मान हलवायची आणि "बघतो" म्हणायचं. बहुतेक वेळा निभावून जायचं. एकदा त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा मुकादमाने चालता चालता मागून विचारलं, "सासूबाई कशा आहेत?" पंखेवाले म्हणाले, "घासून ठेवलंय सगळं, उद्या चढवतो." सगळं यार्ड पोट धरून हसलं. तेही हसले. का हसतायत हे त्यांना घरी येईपर्यंत कळलं नाही.

बायकोला मात्र सगळं दिसत होतं. "डॉक्टरकडे चला," ती म्हणायची.

"मळ साठलाय."

"दोन वर्षं मळच साठतोय?"

ते ताटाकडे बघत जेवत राहायचे. ताटाकडे बघितलं की तिचे ओठ दिसत नसत, आणि ओठ दिसले नाहीत की ऐकू आलं नाही म्हणायला मोकळे.

त्या वर्षी वसंतात मास्तरांची बोट यार्डात आली. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. चौतीस वर्षं फळ्यावर समुद्र काढले आणि निवृत्त झाल्यावर एक जुनी शिडाची बोट घेतली. एक डोलकाठी, दोन शिडं आणि वारा पडला तर बंदरात शिरण्यापुरतं लहान इंजिन. मास्तर आणि वहिनी, दोघंच जायचे. वहिनी पुढे दोर सांभाळायच्या, मास्तर मागे सुकाणूवर.

शाफ्टची रबरी बेअरिंग झिजली होती, म्हणून पंखा काढावा लागला. तो काढल्यावर पंखेवाल्यांनी तो नेहमीसारखा टांगला आणि पहिल्या पात्यावर ठोका मारला. हाताला हादरा कळला. कानाला काहीतरी मऊ, लांबून दार लोटल्यासारखं. दुसरं पातं, तसंच. तिसरं, तसंच. ते हातोडी हातात घेऊन तसेच उभे राहिले. हा मऊ आवाज पंख्याचा आहे की आपल्या कानाचा, हे त्यांना सांगता येईना. हातभर अंतरावर रंगवाल्या बाई एका बोटीचं बूड खरवडत होत्या. पन्नाशीच्या, तोंडाने फटकळ, कानाने तिखट. 'बाई, जरा हे ऐकता का?' एवढंच म्हणायचं होतं. वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. पण ते उच्चारलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या यार्डाला कळलं असतं.

त्यांनी कानशीने एका पात्याचं टोक थोडं घासून बघितलं. पिवळं दिसलं. बुडाशी, जिथे पातं मधल्या गोळ्याला मिळतं, तिथे रंगाचा जुना थर होता. तो खरवडायचा त्यांना कंटाळा आला असं नाही. तिथे काय दिसेल याची धास्ती वाटली असावी. हे त्यांनी पुढे स्वतःच एकदा बोलून दाखवलं.

"काय म्हणतोय पंखा?" मास्तरांनी विचारलं.

"खणखणीत," पंखेवाले म्हणाले.

पाच महिन्यांनी, हवा थंड व्हायला लागली होती तेव्हा, मास्तर आणि वहिनी तीन दिवसांच्या सफरीवरून परत येत होते. बंदराच्या तोंडाशी वारा पडला. मास्तरांनी शिडं उतरवली, इंजिन सुरू केलं आणि वेग वाढवला. बोट एकदम अशी थरथरायला लागली की कपाटातली भांडी खाली आली. पंख्याचं एक पातं बुडापासून तुटून पडलं होतं. उरलेली दोन पाती शाफ्टला गदागदा हलवत होती. मास्तरांनी घाबरून इंजिन बंद केलं आणि भरतीच्या ओढीने बोट बांधाच्या दगडांवर नेऊन आपटली. वहिनी पुढे दोर घेऊन उभ्या होत्या. त्या पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. मासेमारीच्या एका बोटीने त्यांना ओढून आणलं.

तीन दिवसांनी क्रेनने बोट यार्डात उचलून ठेवली. डाव्या कुशीला लांब चरा पडला होता. मुकादमाने पंखेवाल्यांना बोलावलं आणि त्यांच्या तोंडासमोर उभं राहून सांगितलं, "पंखा उतरवा. तुटला कशाने ते लिहून द्यायचंय मला."

पंखेवाल्यांनी डबा उघडला. शाफ्ट फिरू नये म्हणून उरलेल्या पात्याखाली लाकडाचा ठोकळा अडकवला. पंख्यावर शिंपल्यांचा खरखरीत थर बसला होता, तो पत्र्याने खरवडला. नटात आडवी घातलेली पिन गंजून वाकली होती. ती चिमट्याने सरळ केली आणि मागून ठोकून बाहेर काढली. मग मोठा पाना लावला आणि त्यावर अंगाचा भार टाकला. नट सैल झाला. पण तो त्यांनी पुरता काढला नाही. चार आटे राहू दिले. शाफ्ट टोकाला निमुळता असतो आणि पंखा त्यावर पाचरीसारखा आवळून बसतो. सुटतो तेव्हा तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. नट नसला तर समोरच्या माणसाची धडगत नाही.

मग पंखा ओढून काढायचा पुलर लावला. पंख्याच्या मागून एक जाड पट्टी, पुढून एक पट्टी, मध्ये दोन लांब बोल्ट. एक बोल्ट अर्धा फेरा, मग दुसरा अर्धा फेरा. पंखा हलेना. त्यांनी रबरी बेअरिंगला ओलं फडकं गुंडाळलं आणि गॅसची ज्योत पंख्याच्या मधल्या गोळ्याभोवती फिरवत ठेवली. एका जागी थांबायचं नाही, नुसतं गोल गोल. फडक्यातून वाफ निघायला लागल्यावर ज्योत बाजूला ठेवून त्यांनी पुन्हा बोल्ट आवळले आणि पट्टीच्या मध्यावर घण घातला. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्या घावाला पंखा सुटला आणि नटावर आदळून थांबला. रंगवाल्या बाई दचकून दोन पावलं मागे सरल्या. पंखेवाल्यांना त्यातलं फारसं काही ऐकू आलं नाही. आवाज त्यांच्या गुडघ्यांना कळला.

पंखा गार झाल्यावर त्यांनी तो मांडीवर घेतला आणि तुटलेली जागा अंगठ्याने पुसली. वरची कड तेवढी पिवळी होती. आत सगळा गुलाबी, रवाळ. नखाने खरवडला तर कण सुटत होते.

मग ते उठले, पंखा तुळईला टांगला आणि हाक मारली, "बाई, जरा इकडे या."

रंगवाल्या बाई ब्रश खाली ठेवून आल्या.

पंखेवाल्यांनी उरलेल्या दोन पात्यांपैकी एकावर ठोका मारला. "कसा आवाज आला?"

"मला काय विचारता? कान तुमचा."

"सांगा तर खरं."

"पत्र्याच्या डब्यासारखा आला."

त्यांनी दुसऱ्या पात्यावर मारला. बाईंनी नुसती मान हलवली. तसाच.

"कोणालाही कळला असता?" त्यांनी विचारलं.

"बहिऱ्यालाही," बाई म्हणाल्या. मग त्यांनी पंखेवाल्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांचा हात आपसूक स्वतःच्या तोंडावर गेला. त्यांना सगळं एका क्षणात उमगलं. सासूबाईंपासूनचं सगळं.

मुकादम आला. त्याने गुलाबी धातू बघितला आणि लगेच हिशोब मांडला. "हे बघा, वसंताआधीची दोन वर्षं मास्तरांनी शाफ्टवरचा जस्ताचा गोळा बदललाच नव्हता. मी वही बघितलीय. तो झिजून शेंगदाण्याएवढा राहिला होता. जस्त नसलं की पाणी पंख्यालाच खाणार. चूक त्यांची. मी तसंच लिहितो."

"वसंतात पंखा माझ्या हातात होता," पंखेवाले म्हणाले.

"असू दे की. तेव्हा चांगला वाजला असेल."

"तेव्हाही असाच वाजला असणार. मला ऐकू आलं नाही."

मुकादमाने आजूबाजूला बघितलं. माणूस वाईट नव्हता. खालच्या आवाजात तो म्हणाला, "काका, कोणी विचारणार नाही. सरळ कानावर हात ठेवा आणि मोकळे व्हा."

तो इतका हळू बोलला की पंखेवाल्यांना त्यातलं अक्षरही कळलं नाही. पण बाईंनी ते मोठ्याने, जसंच्या तसं परत सांगितलं. मुकादम लाजून लाल झाला.

"कानांचंच तर सांगायचंय," पंखेवाले म्हणाले. "लिहा. पंखेवाल्याला ऐकू येत नाही, आणि त्याने ते लपवलं."

घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं. 'मी म्हणत नव्हते?' हे वाक्य म्हणायचा तिला पुरता हक्क होता. तिने ते म्हटलं नाही. ती समोर येऊन बसली, त्यांना ओठ दिसतील अशी, आणि म्हणाली, "त्यांच्या घरी जाणार ना?"

"जावं लागेल."

"मी येते. वर नाही येत. खाली थांबते."

मास्तर तिसऱ्या मजल्यावर राहत होते. ते गेले तेव्हा आठवडा उलटला होता आणि वहिनी इस्पितळातून कालच घरी आल्या होत्या. खिडकीशी पलंग लावला होता, पलंगाला टेकून चालायची लोखंडी चौकट, उशीवर अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं. भिंतीवर मोठा नकाशा, त्यावर दोघांनी केलेल्या सफरी लाल पेन्सिलने काढलेल्या. मास्तरांनी खुर्ची पुढे सरकवली. त्यांना वाटलं, यार्डातला माणूस विचारपूस करायला आलाय.

पंखेवाले बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं. ठोका मारला, ऐकू आलं नाही. शेजारी विचारायला माणूस होतं, विचारलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा खणखणीत म्हणालो. जस्ताच्या गोळ्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

मास्तर ऐकत होते. ऐकून झाल्यावर ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

खोलीत दोघंच राहिले. वहिनी खिडकीकडे तोंड करून काहीतरी म्हणाल्या. पंखेवाल्यांनी सवयीने मान हलवली. मग मान मध्येच थांबली.

"ऐकू आलं नाही, वहिनी. परत सांगा."

हे वाक्य गेल्या अडीच वर्षांत ते पहिल्यांदा बोलत होते, आणि ते बोलल्यावर त्यांनी खुर्चीचा आधार घेतला.

वहिनींनी तोंड वळवलं. "मी विचारलं, केव्हापासून?"

"अडीच वर्षं."

"आणि कोणालाच सांगितलं नाही?"

"बायकोला कळलं होतं. मी नव्हतं सांगितलं."

"का पण?"

पंखेवाल्यांनी पायाशी बघितलं. "पंखा काय, कोणीही काढेल. पाना आणि जोर पाहिजे. मला यार्डात विचारायचे ते कानासाठी. कान गेला म्हटल्यावर मी कोण?"

वहिनींनाही काहीतरी सांगावंसं वाटलं. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे नजर टाकली आणि पुढे झुकून त्या हळूच काही पुटपुटल्या. पंखेवाल्यांना कळलं नाही. वहिनींनी पुन्हा सांगितलं, तसंच हळू. पुन्हा कळलं नाही. बहिऱ्या माणसाच्या कानात गुपित सांगण्याइतकं अवघड काम नाही. ओरडावं तर घरभर होतं. शेवटी वैतागून त्यांनी शब्दकोड्याची पेन्सिल उचलली आणि वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं: मला बोटीची भीती वाटते. पहिल्या दिवसापासून. ह्यांना माहीत नाही.

पंखेवाल्यांनी ते दोनदा वाचलं. "किती वर्षं?"

वहिनींनी सहा बोटं दाखवली. मग तो कागदाचा तुकडा फाडून घेतला आणि उशीच्या अभ्र्यात सारला.

"सांगा त्यांना," पंखेवाले म्हणाले. आपला आवाज किती मोठा निघाला, याचा त्यांना अंदाज नव्हता. वहिनींनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं. त्या दुखण्यातही त्यांना हसू फुटलं. हसल्यावर खुब्यातून कळ गेली आणि चेहरा आखडला, तो बराच वेळ तसाच राहिला. पंखेवाले खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होते. ही कळ आपण दिलेली आहे, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

दार उघडलं. मास्तर उंबऱ्यात उभे होते. डोळे लाल झाले होते. "तुम्ही सांगायला आलात, ते ऐकलं," ते एकेक शब्द सुटा करत म्हणाले, वर्गातल्या मागच्या बाकाशी बोलावं तसे. "आता जा."

पंखेवाले गेले. खाली बायको जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होती. घर येईपर्यंत दोघं चालत राहिले आणि वाटेत, कधी नव्हे ते, तिने त्यांचा हात धरला.

मुकादमाने लिहायचं ते लिहिलं. जस्ताचं लिहिलं आणि कानाचंही लिहिलं. यार्डाच्या मालकाने पंखेवाल्यांना काढलं नाही, पण तपासणीवरून हटवलं. हिवाळाभर ते रंगवाल्या बाईंच्या हाताखाली बोटींची बुडं खरवडत होते. यार्डात कुजबूज झाली. काहींनी तोंड फिरवलं. दोन मालकांनी आपापल्या बोटींचे पंखे दुसऱ्या गावाहून माणूस आणून पुन्हा तपासून घेतले, तेही पंखेवाल्यांच्या डोळ्यांदेखत. एका पंख्यात दोष निघाला. तो कळल्यावर ते दोन दिवस कामावर आले नाहीत. अंथरुणात पडून भिंतीकडे बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी बायकोने त्यांना उठवलं आणि कानाच्या डॉक्टरकडे नेलं. यंत्र मिळालं. यंत्रातून माणसांचं बोलणं कळायला लागलं, पण धातूचा प्रत्येक आवाज कागद चुरगळल्यासारखा यायचा. चांगलं पातं आणि सडकं पातं, दोन्ही सारखीच. घरी मात्र नवीनच कटकट सुरू झाली. बायकोला अडीच वर्षांत ओरडून बोलायची सवय लागली होती आणि ती काही केल्या सुटेना. "अगं, हळू," ते कान धरून म्हणायचे. "मी हळूच बोलतेय!" ती शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्याने म्हणायची.

कामावर परत गेल्यावर पंखेवाल्यांनी एक गोष्ट केली. भंगारातला एक सडका पंखा आणि एक चांगला, असे दोन पंखे शेजारी शेजारी टांगले आणि बाईंना म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत रोज दहा मिनिटं."

"मला काय गरज पडलीय? मी रंगारीण आहे."

"तुम्हाला ऐकू येतं."

"मला नवऱ्याचं घोरणंही ऐकू येतं. म्हणून काय त्याची तपासणी करू?"

पण त्या आल्या. सुरुवातीला सगळे आवाज त्यांना सारखेच वाटायचे. पंखेवाले डोळे बांधायला लावायचे, ठोका मारायचे आणि विचारायचे, संपला कधी ते सांगा. आवाज कसा सुरू होतो ते ऐकू नका, कसा संपतो ते ऐका. तीस वर्षांत हे त्यांनी कोणाला शब्दांत सांगितलं नव्हतं. सांगायला बसल्यावर त्यांना स्वतःलाच नवल वाटलं की आपल्याला एवढं माहीत होतं. महिन्याभराने बाई पाठीमागे उभं राहून, हातातला ब्रश न थांबवता सांगायला लागल्या, "ते डावीकडचं गेलंय." मग तपासणी त्यांच्याकडेच आली, आणि बुडाशी रंग खरवडून बघितल्याशिवाय पंखा हातावेगळा करायचा नाही, हा नियम त्यांनी पंखेवाल्यांवरच लादला. "मला ऐकू आलं तरी मी बघणार. तुम्ही पण बघायचं."

वसंतात मास्तरांची बोट तयार झाली. चरा भरून रंगवला होता, नवा पंखा आला होता. मास्तर सहा-सात वेळा येऊन गेले, पण जे बोलायचं ते बाईंशी. पंखेवाले समोर आले तर ते बाजूने निघून जायचे. पाण्यात सोडायच्या दिवशी मात्र ते थेट पंखेवाल्यांपुढे येऊन उभे राहिले.

"चढवला कोणी?"

"मी."

"तपासला कोणी?"

"बाईंनी. बुडापासून खरवडून."

मास्तरांनी बाईंना बोलावलं आणि आपल्यासमोर एकेका पात्यावर पुन्हा ठोका मारायला लावला. बाईंनी मारला. मास्तर मान खाली घालून तिन्ही आवाज संपेपर्यंत थांबले. मग क्रेनवाल्याला हात दाखवला. पंखेवाल्यांना ते आणखी काही म्हणाले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि पुढेही कधी नाही.

वहिनी धक्क्यावरच्या बाकावर बसल्या होत्या, हातात काठी. पंखेवाले जवळ गेले तसं त्यांनी लांबूनच, जोर लावून ओरडून सांगितलं, "सांगितलं मी त्यांना!"

धक्क्यावरची चार माणसं वळून बघायला लागली.

"हळू बोला वहिनी, यंत्र आहे आता," पंखेवाले कानाकडे बोट दाखवून म्हणाले. "काय म्हणाले मास्तर?"

"तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, आधी सांगितलं असतंस तर मी बोट घेतलीच नसती. मी म्हटलं, म्हणून तर नाही सांगितलं." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "आता एकटेच जातील. जवळपासच. मी इथे बसेन."

"इथे बसून भीती नाही वाटणार?"

"वाटेल. पण पायाखाली जमीन असेल."

पंखेवाले बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मास्तरांनी बांधाच्या बाहेर गेल्यावर शीड चढवलं. ते एकट्याने चढवायला वेळ लागला, दोर दोनदा अडकला. वहिनी पुढे झुकून बघत होत्या आणि त्यांचे हात नकळत दोर सोडवल्यासारखे हलत होते.

"वारा पडला तर?" त्यांनी विचारलं.

"इंजिन आहे."

"पंखा चांगला आहे ना?"

"बाई म्हणाल्या, चांगला आहे."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून उपयोग नाही, वहिनी. बाईंनी ऐकलंय."

वहिनींनी मान हलवली. डॉक्टरांनी त्यांना दर तासाला शंभर पावलं चालायला सांगितलं होतं. त्या काठी टेकून उठल्या. पंखेवालेही उठले आणि त्यांच्या डाव्या बाजूने, हात लागेल इतक्या अंतरावरून, धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेले.